आठ हाताची काठी

आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन एकनाथभाऊ दहा वर्षं समुद्रावर गेले नव्हते, म्हणून गळाच्या काठ्या निवडायच्या समितीवर त्यांचं नाव सगळ्यांत आधी पडलं. दुसरं नाव निकमसाहेबांचं. ते पालघरच्या मासेमारी खात्याच्या ऑफिसातले, देशावरचे. त्यांच्या गावी पाणी म्हणजे विहीर, आणि विहिरीत मासा दिसला तर लोक पाणी उपसून टाकतात, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. तिसरं नाव दामूचं, कारण होडी त्याची. पण त्याच्या नावापुढे 'निमंत्रित' असं लिहिलेलं होतं. निमंत्रित म्हणजे काय, असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, लग्नात वऱ्हाडी असतात तसं. हजर राहायचं, मत द्यायचं नाही.

दामू माझा नवरा. नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये ही आमच्या गावची रीत, आणि तोंडानं मी ती अजून पाळते. पण त्याचे सगळे अर्ज माझ्या हातचे. शाळेत मी गेले नाही. सुकट बांधायला रद्दी यायची, तिच्यावर बोट ठेवून ठेवून वाचायला शिकले, आणि लिहायला लागले ती त्याच्या अर्जांपासूनच. वीसेक अर्जांवर 'दामू' लिहिलं की लाज कागदापुरती तरी जाते.

साल सहासष्ट. तारापूरला विजेचं मोठं काम चाललं होतं. पामच्या रस्त्यानं दिवसभर खडीचे ट्रक जायचे, आणि बोईसरच्या बाजारात मी बोंबलाचा भाव हिंदीत सांगायला शिकले होते. दामूचा जोडीदार बन्सी तिकडेच रोजावर लागला. त्याला आता ठरलेल्या वेळी भोंगा ऐकू यायचा आणि ठरलेल्या वेळी भूक लागायची. दामू होडीवर एकटा उरला.

एकटा आणि एका खांद्याचा. दोन वर्षांपूर्वी होडी वाळूवर ओढताना दोर तुटला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. मनोरच्या हाडवैद्यानं बसवला, पण तो पाहुण्यासारखा बसला. जरा जोर आला की उठायला बघायचा. जाळं ओढणं सुटलं. मग दामूनं वडिलांची जुनी पद्धत धरली. शीड लावून होडी चालती ठेवायची, मागे लांब दोरी सोडायची, दोरीच्या टोकाला गळ आणि गळाला पांढऱ्या कोंबड्याचं पीस. दोरीचा एक वेढा पायाच्या अंगठ्याला, हातात सुकाणू. पीस पाण्यात पळतं, सुरमईला वाटतं मासाच पळतोय. ती तोंड टाकते आणि दामूचा अंगठा जागा होतो. त्या अंगठ्याला गावात माझ्याहून जास्त मान होता.

पण हे सगळं वाऱ्यावर. वारा पडला की होडी थांबते, होडी थांबली की पीस बुडतं, आणि वल्ही मारायला खांदा नाही. दोनदा त्याला परक्या होडीनं ओढून आणलं. दोन्ही वेळा तो किनाऱ्यावर उतरला तो माझ्याकडे न बघता, सरळ विहिरीवर पाय धुवायला गेला. म्हणून आम्हांला इंजिन पाहिजे होतं. लहानसं, होडीच्या मागे बसेल एवढं. लघुनौका प्रगती योजनेत तालुक्याला तसं एकच उरलं होतं.

आणखी एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलं. मासा लागला की दोरी ज्याच्या मुठीत, मासा त्याचा. होडी कुणाची, गळ कुणाचा, हे कुणी विचारत नाही. आणि मासा लागलेला असताना दुसऱ्याच्या हातची दोरी कुणी घेत नाही, कुणी देतही नाही. माझ्या सासऱ्यांनी एकदा भावाला धाप लागलेली बघून शेवटची दोन वाव, म्हणजे दोनदा हात फाकून मोजावी एवढीच दोरी उरली असताना त्याची दोरी धरली. मदत म्हणून. ते दोघे भाऊ सात वर्षं बोलले नाहीत. बोलले ते आजेसासूच्या तेराव्याला, आणि तेही मीठ मागण्यापुरतं.

निकमसाहेब पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी दामूचा अंगठा बघितला. आदरानंच बघितला. मग वहीत काही लिहिलं आणि म्हणाले, "कसं आहे दामूअण्णा, इंजिन फक्त प्रगतिशील नौकेला देता येतं. पायाच्या अंगठ्याला दोरी बांधणारी नौका प्रगतिशील धरणं मला जड जाईल."

"मंग कुटं बांदू?" दामूनं विचारलं.

"काठीला. मुंबईहून काठ्या येतायत, दोरी गुंडाळायच्या फिरकीसकट. तीन प्रकार आहेत. समिती एक प्रकार निवडेल, तुम्ही त्यावर मासेमारी करून दाखवायची. मी अहवाल पाठवतो. इंजिन तुमचंच समजा."

साहेब वयानं तिशीचे असतील. बोलताना पेन्सिल कानाच्या मागे लावायचे आणि मग सगळीकडे शोधायचे. मला ते माणूस म्हणून आवडले. ऑफिस म्हणून कसे निघतात ते बघायचं होतं.

काठ्यांची पेटी एस.टी.च्या टपावरून बोईसरला आली आणि तिथून बैलगाडीनं आमच्या ओटीवर. सोसायटीच्या खोलीत ठेवायची होती, पण तिथे एकनाथभाऊंचं भात होतं. सहा काठ्या, प्रत्येक प्रकारच्या दोन. एक प्रकार आठ हात लांब, पिवळाधमक, नवऱ्या मुलाच्या फेट्यासारखा चमकणारा. दुसरा मधला, त्याचं टोक इतकं नाजूक की वाऱ्यानंच मान हलवायचा. तिसरा चार हाताचा, काळपट, जाड बुंध्याचा. बघितला तर कुणी म्हशीला हाकायला घेऊन जावं असा.

दामूनं पेटी उघडली ती संध्याकाळी, भात शिजायच्या आत. आधी त्यानं लांब काठी उचलली आणि ती ओटीच्या आढ्याला लागली. ती ठेवली. मधली घेतली, टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "चाल."

मी टोक धरून अंगणात चालत गेले. काठी टोकाशीच मोडल्यासारखी वाकली. बुंधा तसाच ताठ. त्यानं मान हलवली. मग आखूड काठी. बुंधा मांडीला टेकवला, टोक पुन्हा माझ्या हातात. मी चालले, आणि काठी टोकापासून मधल्या पोटापर्यंत हळूहळू वाकत आली, पोटाशी थांबली आणि तिथून मला परत ओढायला लागली.

"हां," दामू म्हणाला. एवढंच. पण हा 'हां' त्यानं माझ्या वडिलांच्या अंगणात मला बघितल्यावर म्हटला होता, त्यानंतर मी तो फारसा ऐकला नव्हता.

बोंबील वाळवायचे बांबू मीही निवडलेले आहेत, त्यामुळे तो काय बघतो ते मला कळलं. टोकाला वाकणारा बांबू पहिल्याच ओल्या वजनाला जमिनीला टेकतो. पोटाला वाकणारा तग धरतो. चालत्या होडीत तर काठीला दोन ओढी: मासा मागे ओढतो, होडी पुढे. त्यात बारा हाताची आमची होडी; तिच्यात आठ हाताची काठी म्हणजे पाळण्यात उंट.

"लांब काठीनं मी मासा नाय वढत," दामू म्हणाला, "मासा माला वढतो. जेवडी काठी लांब, तेवडा त्याचा हात लांब. ह्या खांद्याला ही आकूडच बरी." आणि त्यानं ती काळी काठी पंच्यानं पुसली.

दुसऱ्या दिवशी शकू आली. शकू आमच्या शेजारची, तोंडानं फटकळ, हातानं दिलदार. ओटीवर काठ्या बघून ती हसली.

"काय गो मंजुळाबाय, इंजिनाची वाट बगतंय काय?"

"साहेब म्हनाले, मासा दाखवा, इंजिन न्या."

"आमालाबी तेच सांगलेलं. गेल्या साली आमच्या ह्यानी टोपल्या भरभरून दाखवल्या. मंग कागद आला. म्हने, तुमचं उत्तम चाललंय, अभिनंदन, इंजिनाची गरज दिसत नाय." तिनं तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली. "आमचा घोव त्या कागदाचं दोन दिवस कवतुक करत व्हता. मंग त्याला कोनी वाचून दाकवला."

शकू गेल्यावर मी योजनेचं परिपत्रक काढलं आणि बोट ठेवून परत वाचलं. आधी मी ते कलम चारपर्यंतच वाचलं होतं, कारण चारमध्ये दामू होता: नौका प्रगतिशील असावी. आता नवापर्यंत गेले. नवात लिहिलं होतं, ज्या नौकेचे उत्पन्न विद्यमान साधनांनी समाधानकारक आहे, तिची इंजिनासाठी शिफारस करू नये.

म्हणजे चार म्हणतं, नवी काठी वापर. नऊ म्हणतं, पण मासा धरू नकोस. दोन्ही कलमांत बसायचं तर प्रगतिशील असून असमाधानकारक असावं लागतं. मी विचार केला, असा माणूस आपल्या गावात कोण? आणि मला एकनाथभाऊ आठवले.

दामू जेवायला बसला तेव्हा मी त्याला सगळं समजावलं. "समिती लांब काठीच निवडनार," मी म्हटलं. "निवडू दे. तुमी गप ऱ्हावा. लांब काठीनं मासा लागनार नाय, लागला तर सुटंल. आपुन काठी वापरली हे दिसंल, आनि मासा नाय हेबी दिसंल."

त्यानं घास थांबवला. "मी मुद्दाम चुकू?"

"तुमी नाय. समिती चुकंल. तुमी निमंत्रित."

"आनि लागलाच मासा तर?"

"तर सोडून द्या."

"हां," तो म्हणाला. हा दुसरा 'हां' होता. हा सगळ्याच घरांत असतो.

समिती आमच्याच ओटीवर बसली. चहा माझा, खुर्ची मास्तरांची. एकनाथभाऊ पांढरे कपडे घालून आले आणि काठ्यांसमोर असे उभे राहिले की जणू मुलगी बघायला आलेत. साहेबांनी कागद काढला. लांबी, वजन, लवचिकता, असे रकाने होते. 'इतर गुण' हाही एक रकाना होता.

एकनाथभाऊंनी आखूड काठीकडे बघितलं आणि नाक मुरडलं. "ही काय? सरकार एवडा खर्च करतंय, आनि आपुन ही हातभर लाकडं मिरवायची? वरून कोनी बगायला आला तर किनाऱ्यावरून काठी दिसाया नको?"

"दिसण्याचा रकाना नाही," साहेब म्हणाले.

"इतर गुनांत टाका."

साहेबांनी टाकलं. मग त्यांनी दामूकडे बघितलं. "दामूअण्णा, निमंत्रित असलात तरी तुम्हांला काही सुचवायचं असेल तर..."

दामूनं माझ्याकडे बघितलं. मी दाराच्या आत उभी होते. त्याचा हात शेजारच्या काळ्या काठीवर होता, आणि बोटं तिच्या पोटावरून फिरत होती, आपण झोपलेल्या जनावरावरून फिरवतो तशी.

"चेरमन सांगतील ते खरं," तो म्हणाला, आणि हात काढून घेतला.

चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला चूक काठी बरोबर म्हणायला किती लागतं, ते मला त्या दिवशी कळलं. एकनाथभाऊंना काहीच लागलं नाही. ते म्हणाले, "बगा, अनुभवी मानूसबी तेच बोलतोय," आणि दुसरा चहा मागितला.

प्रात्यक्षिक आठ दिवसांनी ठरलं. साहेबांनी दोन्ही लांब काठ्यांच्या फिरक्या स्वतः आवळून दिल्या. फिरकीच्या पोटात ब्रेक असतो. मासा पळाला की किती दोरी जाऊ द्यायची ते त्याच्यावर. पुस्तकात आकृती होती, पण साहेबांचं मत असं की सरकारी वस्तू घट्ट असलेली बरी. त्यांनी स्क्रू फिरेनासा होईपर्यंत फिरवला. "एक इंचही सुटणार नाही," ते म्हणाले. मला बरं वाटलं. घट्ट फिरकी आणि मोठा मासा म्हणजे दोरी तुटलीच.

पण आदल्या दिवशी दुपारी मी बाजारातून आले तर दामू मागच्या अंगणात तेलाचं मडकं घेऊन बसलेला. मुशी माशाच्या काळजाचं तेल. आमच्याकडे होडीत जाणारी कुठलीही नवी वस्तू, फळी असो, वल्हं असो, खिळा असो, हळदीचं बोट लावून या तेलात न्हाल्याशिवाय पाण्यावर जात नाही. त्याला वास येतो, पण खारं पाणी आणि दृष्ट दोन्ही लागत नाही. दामूनं दोन्ही काठ्यांना तेल चोळलं होतं. फिरक्या उघडून आतल्या चकत्यासुद्धा चोळल्या होत्या, एक एक करून, आणि परत साहेबांनी आवळल्या होत्या तशाच आवळून ठेवल्या होत्या.

"आतलं कशाला?" मी विचारलं.

"आत गंज पयला धरतो," तो म्हणाला. ब्रेकला तेल लावायचं नसतं हे त्याला माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं. आमच्या घरात सायकलसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकनाथभाऊ आले नाहीत; सफाळ्याला मीटिंग निघाली. साहेबांच्या प्रपत्रात 'खलाशी: दोन' असं होतं, आणि बन्सी भोंग्यावर गेलेला. शेवटी मी पदर खोचला. खाडी ओलांडायला बायका होडीत बसतात, गळाच्या होडीत बसत नाहीत. किनाऱ्यावरून शकू ओरडली, "मंजुळाबाय, येताना इंजिन घेऊन ये गो." साहेबांनी वहीत माझं नाव 'खलाशी क्रमांक दोन' असं घातलं. अजूनपर्यंत कुठल्याही सरकारी कागदावर माझा एवढा मान झालेला नाही.

होडीच्या दोन्ही काठांना बांबूच्या नळ्या बांधून त्यांत काठ्या खोचल्या. दोन्हीकडे आठ-आठ हात बाहेर, आम्ही एखाद्या म्हाताऱ्या कोळंबीसारखे दिसत होतो. वळताना एक काठी शिडाच्या दोरात अडकायची आणि मी ती सोडवायची, हेच खलाशी क्रमांक दोनचं काम. गळाच्या आधी साहेबांच्या पुस्तकातला चमकता पत्रा होता. दोऱ्या सुटल्या, आणि मला दिसलं की पत्र्याच्या मागे पांढरं पीस बांधलंय.

मी दामूकडे बघितलं. तो क्षितिज बघत होता.

"पीस कशाला?" मी हळू विचारलं.

"पत्रा नागवा दिसत व्हता."

साहेब आम्हां दोघांच्या मधे, घड्याळ गुडघ्यावर ठेवून बसले होते. पहिला तास त्यांनी दर दहा मिनिटांनी 'निरंक' लिहिलं. मग लिहायचं थांबले आणि पाण्याकडे बघत बसले. "वहिनी," ते म्हणाले, "चार वर्षं झाली मला या खात्यात. सतरा अहवाल पाठवलेत माशांवर. पण मासा स्वतः कधी धरलेला नाही."

"खाल्लाय ना पन?"

"नाही. आमच्या घरी चालत नाही."

मला त्यांची दया आली. ज्याला हळद-कुंकू लावून घोड्यावर बसवलंय आणि नवरी कुठल्या गावची ते सांगितलेलं नाही, असा तो माणूस होता.

समुद्रातल्या खडकांच्या बाहेरच्या अंगाला गेलो आणि डावीकडची काठी एकदम वाकली. वाकली म्हणजे टोक पाण्यात गेलं. मी मनात म्हटलं, तुटली दोरी, सुटलो. आणि फिरकी ओरडायला लागली. घट्ट, इंचही न सुटणारी फिरकी लग्नातल्या सनईसारखी वाजत गरगर फिरायला लागली, आणि सगळीकडे मुशीच्या तेलाचा वास सुटला.

"हे कसं सुटतंय?" साहेब म्हणाले. "मी तर आवळली होती."

दामू काठीला भिडला होता. सुकाणू माझ्याकडे आलं. मासा जोरात पळाला, फिरकीनं त्याला पळू दिलं. तो दमला, दामूनं पंचा अंगठ्याला गुंडाळून फिरकीवर दाबला आणि दोरी घेतली. पुन्हा तो पळाला, पुन्हा दिली. घट्ट असती तर पहिल्या झटक्यालाच खेळ संपला असता. ब्रेक तेलानं घसरत होता आणि नेमका तेवढाच घसरत होता. चूक काठी आणि चूक तेल मिळून एक बरोबर झालं होतं, आणि आमचं इंजिन चाललं होतं पाण्यात.

"सोडा," मी म्हटलं, फक्त त्याला ऐकू जाईल असं.

त्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याच्याही मानेला माहीत नसावं.

मग वारा पडला. शीड पोट सोडून लोंबायला लागलं. मी वल्ही घेतली. आठ हाताची काठी त्याच्या खांद्याला पहारीसारखी उचकटत होती. चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम. आणि तरी तो हसत होता. दोन वर्षांत मी हे हसणं बघितलं नव्हतं. दोन वेळा परक्या दोरानं ओढून आणलेला माणूस आज स्वतः कुणाला तरी ओढून आणत होता. आता मी कुठल्या तोंडानं 'सोडा' म्हणणार?

पाण्यात चांदीसारखं काही फिरलं. सुरमई. उभी केली असती तर माझ्या कमरेच्या वर आली असती. पाच वाव राहिली, मग चार. साहेब अर्धवट उठून उभे होते, दोन्ही हात पुढे, एखाद्याच्या मुलाला पडताना बघून करतो तसे. पेन्सिल कानावरून समुद्रात पडली, त्यांना कळलं नाही.

तेव्हा मला ते सुचलं. आधी सुचलं असतं तर मी धीर केला नसता.

"साहेबांच्या हातात द्या," मी म्हटलं.

दामूनं माझ्याकडे बघितलं. सगळं कळलं त्याला, मी पुढे काही बोलायच्या आधी. वहीत लिहिणारा जो आहे, त्याच्याच मुठीत दोरी, तर मासा त्याचा. मग होडीचा मासा नाहीच. कलम नऊ. समुद्राला परत दिला असता तर एकवेळ चाललं असतं. समुद्र कुणाला सांगत नाही. पण लागलेला मासा, शेवटच्या चार वावांवर, दुसऱ्याच्या हातात. ज्याच्यावरून त्याच्या बापाचं आणि चुलत्याचं सात वर्षं बोलणं बंद होतं.

होडी थांबली होती. वल्ही मारायचं मी सोडलं होतं. इंजिन नसलेली होडी किती शांत असते.

"साहेब," दामू म्हणाला, "धरा."

"मी?"

"बुंदा पोटाला लावा. घाबरू नका. तो दमलाय."

आणि त्यानं काठी दिली. बोटं एक एक करून सोडली. साहेबांनी ती अशी धरली की जणू कुणी देव हातात ठेवलाय. दामूनं त्यांच्या मागे उभं राहून एका हातानं त्यांची कोपरं सारखी केली, दुसऱ्या हातानं मासा वर घ्यायचा आकडा घेतला, आणि सुरमई होडीला लागली तशी तिला आत घेतली. साहेब तिच्या शेजारी बसले. दोन्ही पाय पसरून, भिजलेल्या पाटलोणीत. काहीतरी बोलायला गेले आणि त्यांना रडू आलं. मी दुसरीकडे बघितलं. शिडाच्या दोरात पुन्हा काठी अडकली होती, ती सोडवली.

परत येईपर्यंत वल्ही मी मारली. दामू सुकाणूला होता, उजवा हात मांडीवर ठेवून. तो माझ्याशी बोलला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. सुरमई गेली जीपमधून पालघरला, ओल्या गोणपाटात. ज्याच्या घरी मासा चालत नाही त्या माणसाच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. ऑफिसातल्या सगळ्यांनी तिच्याबरोबर फोटो काढला असं कळलं.

अहवालाची नक्कल महिन्यानं आली. मी बोट ठेवून वाचली. 'नौकेची स्वतःची पकड: निरंक. प्रात्यक्षिक अधिकाऱ्याची पकड: एक. वारा पडल्याने नौका हतबल झाली व खलाशी क्रमांक दोनने वल्ही मारून किनारा गाठला. सदर नौका प्रगतिशील असून तिचे उत्पन्न असमाधानकारक आहे. इंजिनाची जोरदार शिफारस.' खाली आणखी दोन गोष्टी होत्या. लांब काठीची निवड अचूक ठरल्याबद्दल समितीचं अभिनंदन. आणि सर्व फिरक्यांना आतून मुशीचं तेल लावावं अशी सूचना. ती सूचना पुढे सगळ्या गावांना गेली असं ऐकलं. एकनाथभाऊंना माकुणसारला काठी कशी निवडावी यावर भाषण द्यायला बोलावलं, आणि त्यांनी दिलं. आखूड काठ्या परत गेल्या. पेटी बंद करताना दामूनं त्या काळ्या काठीवरची धूळ पुसली.

इंजिन आलं ते शिमग्याच्या आधी. दामूनं ते ओटीवर घेतलं, भोवती एक फेरी मारली, आत गेला आणि तेलाचं मडकं घेऊन बाहेर आला.

मी दारातच उभी राहिले. "आत ब्रेक हाय काय ते आदी इचारा कोनाला तरी."

तो थांबला. किती दिवसांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "बायेरून तरी लावू?"

"बायेरून लावा."

एवढं झालं आणि आमचं बोलणं सुरू झालं. सात वर्षांच्या मानानं लवकरच.

आता तो खडकांच्या पलीकडे जातो आणि वारा पडला तरी स्वतःच्या पायांनी परत येतो. काठी नाही, दोरी अंगठ्यालाच. लांब काठ्या आमच्याकडेच राहिल्या, कारण निवडलेल्या वस्तू परत घ्यायची तरतूद नव्हती. बोंबील वाळत टाकले की मी ओटीवर बसल्या बसल्या त्यांतल्या एकीनं पार शकूच्या अंगणातले कावळे हाकलते. किनाऱ्यावरूनसुद्धा ती दिसते. एकनाथभाऊ म्हणाले होते ते खोटं नव्हतं.

चैत्रात एकदा मी टोपली घेऊन किनाऱ्यावर उभी होते. दामूनं इंजिन बंद केलं, पण होडी वाळूला लावली नाही. कमरेएवढ्या पाण्यात थांबला. शकू म्हणाली, "आता काय झालं ह्याला, इंजिन बिगाडला काय?"

"मंजुळा," तो तिथूनच म्हणाला, "इकडं ये."

मी लुगडं वर खोचून पाण्यात गेले. त्याच्या अंगठ्याला दोरी होती, ताणलेली, पाण्यात तिरकी गेलेली, आणि टोकाला काहीतरी जिवंत फिरत होतं. तो ते तसंच किनाऱ्यापर्यंत घेऊन आला होता, वर न काढता. त्यानं अंगठ्याचा वेढा सोडवला आणि दोरी माझ्याकडे धरली.

मी हात पुढे केला नाही. सगळी बायकामाणसं बघत होती.

"धर," तो म्हणाला. "सुटंल."

मी धरली. हाताला चांगलंच ओढलं.